शेपट्या गेल्या कुठे?

"माझं नाव ऐकलं की गुन्हेगार झोपेतून दचकून उठतात," असं भावोजी स्वतःच सांगायचे, कारण दुसरं कोणी सांगत नसे. भावोजी म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. सगळी नोकरी त्यांनी बस आगारातल्या हरवल्या-सापडल्याच्या खिडकीमागे काढली. तिथे त्यांनी एकच छत्री शोधून काढली, तीही त्यांचीच निघाली. निवृत्त झाल्यावर त्यांनी गुप्तहेरगिरीसाठी गुडघ्यापर्यंतचा कोट शिवला आणि नियम केला, की गुप्तहेरानं पाठ भिंतीपासून दूर करायची नाही. तेव्हापासून ते वहिनींच्या घरात खेकड्यासारखे तिरके चालत. वहिनी म्हणायच्या, "चालू दे. तेवढीच जळमटं निघतात."

त्या सकाळी वहिनी चहाचे कप विसळत होत्या, तोच सूनबाईची किंकाळी आली.

दुपारी तिची परीक्षा होती. दातांच्या दवाखान्यात इंग्रजीत फोन घ्यायची नोकरी. दातांचा दवाखाना, म्हणजे परीक्षा तोंडीच. आणि इंग्रजी क्रियापदं भारी लबाड. एकटं असलं की गरीब गाय, पण मागे 'अप', 'ऑफ', 'आउट' असं शेपूट लागलं की लगेच शिंगं उगारतात. म्हणून तिनं क्रियापदं पुठ्ठ्यांवर लिहिली होती आणि शेपट्या चिठ्ठ्यांवर. टेबलावर वहिनींचे वाटाणे पसरलेले, तेव्हा चिठ्ठ्यांना मागून खळ लावून तिनं त्या खुर्चीवर पालथ्या, खळ वर करून मांडल्या. पुठ्ठे आणायला आत गेली, केस विंचरून बाहेर आली, तर खुर्ची रिकामी!

"कोणी कशाला हात लावू नका!" भावोजी भिंतीला चिकटले.

"वाऱ्यानं गेल्या असतील," वहिनी म्हणाल्या.

"वाऱ्याला इंग्रजी येतं का, वहिनी? क्रियापदं सोडून नेमक्या शेपट्या उचलल्यात. चोर शिकलेला आहे. शेजारीण! तिलाही हीच नोकरी हवी आहे."

"ती आठवडाभर माहेरी आहे."

"बघा, किती आधीपासून तयारी!"

"काका, दुपारी परीक्षा आहे हो," सूनबाई रडकुंडीला आली.

"मग मालाचं वर्णन सांग. एकूण एक!"

सूनबाई सांगू लागली. 'गिव्ह'ला 'अप' लागलं की हार मानणं, 'इन' लागलं की नमतं घेणं. 'पुट'ला 'ऑफ' लागलं की पुढे ढकलणं. 'अप' आणि 'विथ' अशा दोन शेपट्या लागल्या तर निमूट सोसणं.

"सोसणं म्हणताना माझ्याकडे का बघतेस?" वहिनी म्हणाल्या.

भावोजी विसरत आणि पुन्हा विचारत. ती पुन्हा सांगे. तिसऱ्या फेरीला वहिनी कंटाळल्या. "एवढं काय अवघड आहे त्यात? आपणही खाऊन टाकतो, रुसून बसतो, बोलून जातो. त्यांच्या क्रियापदांना शेपूट लागतं, तसं आपल्याही. भावोजी, तुम्ही तेवढे विचारून विचारून मरताय."

भावोजींचे डोळे बारीक झाले. "वहिनी, तुम्ही किती शिकलात?"

"दोन यत्ता. का?"

"जिला इंग्रजी येत नाही, तिलाच इंग्रजीचा राग! सून नोकरीला गेली तर वाटाणे कोण सोलणार? हेतू सापडला!"

"मघाशी चोर शिकलेला होता ना?"

"तीच तर तुमची चलाखी!"

वहिनी ठणकावणारच होत्या, पण त्यांचं लक्ष सूनबाईकडे गेलं. सूनबाईनं क्षणभरच त्यांच्याकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. तेवढं पुरलं. भावोजींचं बोलणं वहिनी कधी मनावर घेत नसत. ही नजर मात्र वर्मी बसली.

"घ्या माझ्या कपाटाची झडती," त्या म्हणाल्या. आवाज इतका शांत, की सूनबाई घाबरली.

भावोजी विजयी मुद्रेनं निघाले. एवढा मोठा गुन्हेगार हाती लागल्यावर भिंतीचं भान कुणाला राहतं? ते खोलीच्या मधोमध चालत गेले आणि कपाटासमोर वाकले.

कोटाच्या बैठकीवर 'अप', 'ऑफ', 'आउट', 'इन' ओळीनं चिकटले होते. 'विथ' जरा तिरका बसला होता.

"भावोजी, मघाशी चहा कुठल्या खुर्चीवर बसून प्यायलात?"

"गुप्तहेर बसण्याआधी खाली बघत नसतो!"

"ते दिसतंय मागून."

सूनबाई चिठ्ठ्या ओढायला धावली. खळ वाळून कडक झाली होती. "राहू द्या, काका. वर्णन सांगून सांगून सगळं पाठ झालंय."

"तीच माझी पद्धत!" भावोजी तेवढ्यातच सावरले.

दाराशी सूनबाई घुटमळली. "आई, मी मघाशी..."

"जा. उशीर होईल." वहिनींनी मान वर केली नाही.

संध्याकाळी ती परतली ती नोकरी घेऊनच.

"काय विचारलं?" भावोजी पुढे सरसावले.

"घरी कोण कोण असतं, असं इंग्रजीत. मी सांगितलं, सासूबाई आहेत, त्या चिठ्ठ्या चोरत नाहीत. डॉक्टर हसले. मग सगळी हकीकत सांगावी लागली. शेपट्यांसकट."

"माझं नाव घेतलंस?"

"इतकं हसल्यावर कसं घेणार, काका?"

ती वहिनींपाशी येऊन उभी राहिली. वहिनींनी हसू गिळलं, पदर खोचला.

"उद्या डबा किती वाजता लागेल तुला? आणि भाजी कुठली ते मी ठरवणार."