मोकल काकांची चिमटी

माझ्या मुलीच्या साखरपुड्यात मोकल काकांनी माझ्या व्याह्यांशी हात मिळवला नाही. त्यांचं मधलं बोट चिमटीत धरलं आणि पेन्सिल फिरवावी तसं दोनदा फिरवून पाहिलं. मग माझ्या कानाशी येऊन खिन्नपणे म्हणाले, "गोल हाय रे. वर पेरं पण हायत."

ते गृहस्थ कोण, असं व्याही अजून विचारतात.

ते माझ्या समोरच्या दारातले. उरणच्या बंदरात नोकरी करून निवृत्त झाले, मग रोडपालीला आमच्या सोसायटीत राहायला आले. बायको गेल्यापासून एकटेच असतात. जगातल्या यच्चयावत वस्तूंचे त्यांनी दोन भाग केले आहेत: गवत आणि लव्हाळा.

"दिसायला दोघं हिरवे," ते सांगतात. "पण गवताचा दांडा गोल, आतून पोकळ, जागोजागी पेरं. लव्हाळ्याचा दांडा तिधारी, आतून भरीव, आणि एक पेर नाय. डोळ्यांनी कळत नाय ते. हात लाव. फिरवून बघ."

हे ज्ञान त्यांनी लव्हाळ्यापुरतं ठेवलं असतं तर कुणाची तक्रार नव्हती. पण अगरबत्ती, झाडूची काडी, डॉक्टरांचा थर्मामीटर, वॉचमनची काठी, सगळं त्यांच्या चिमटीतून जातं. उसाचा रस ते पीत नाहीत. "केवढा उंच, केवढा गोड, पण शेवटी गवतच," म्हणतात. समोसा मात्र आदराने दोन्ही हातांत घेतात. "तिधारी, भरीव, पेर नाय." आमची लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस त्यांनी पहिल्याच दिवशी बाद केला होता. लिफ्ट अजून तिसऱ्या मजल्यावर अडकते, तेव्हा अडकलेल्यांना ते बाहेरून ओरडून सांगतात, "मी बोललो होतो."

त्यांची दुसरी कसोटी सदऱ्याची. गवताच्या पानाचा बुडखा दांड्याभोवती उघडा असतो, बटणं सोडल्यासारखा. लव्हाळ्याचा बंद, अगदी गळ्यापर्यंत. त्यामुळे काका समोरच्याच्या छातीकडे रोखून बघत बोलतात, आणि नवे भाडेकरू गोंधळून वरचं बटण लावतात.

माझं बोट त्यांनी कधी फिरवलं नाही. समोरासमोर राहून नाही. कारण मला माहीत होतं. त्यांची बायको, सुशीला काकू, गेल्या तेव्हा मी एकदा जाऊन कोपऱ्यात बसून आलो, एक शब्द बोललो नाही. त्यानंतर काका लिफ्टपाशी दिसले की मी जिन्याने उतरायचो. गेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं ते मला येत नाही. मला एकूणच बोलायला येत नाही. म्हणून तर सोसायटीने मला सेक्रेटरी केलं.

आमच्या चेअरमन जोशीबाईंना हिरवळीचा सोस. इमारतीपुढच्या तुकड्यावर त्यांनी तयार लॉन गुंडाळ्यांनी आणून सतरंजीसारखं अंथरलं. पंधरवड्यात त्यातून लव्हाळ्याच्या सुया वर आल्या. माळ्याने उपटल्या, पुन्हा आल्या. काका बाकावर बसून बघायचे. एका संध्याकाळी जिन्याने पळायची सोय नव्हती, मी सापडलो.

"उपटून काय होतंय," ते म्हणाले. "वर दिसतं ते नुसतं डोकं. खाली गाठी असतात, काळ्या, वासाच्या. माळेत ओवल्यासारख्या एकमेकीला बांधलेल्या. खणलं तर आणखी वाईट. माळ तुटते, आणि एकेक गाठ वेगळा संसार मांडते."

"आलं कुठून पण हे?" मी विचारलं.

काका थोडा वेळ बाकाची फळी चाचपत राहिले. "हिनं आणलेलं. उलव्याला हिच्या माहेरच्या शेताच्या बांधावरनं. उटण्यात घालायला. गॅलरीत दोन कुंड्या होत्या. ही गेल्यावर मी त्या इथं रिकाम्या केल्या. एकट्याच्या गॅलरीत कोण पाणी घालणार." मग म्हणाले, "तो बांध आता नाय. वर टॉवर हाय, सोळा माळ्याचा."

त्याच महिन्यात पार्किंगमध्ये सभा भरली. विषय एकच, लव्हाळा. जोशीबाई म्हणाल्या, "औषध फवारायचं. मुळापासून मरतं म्हणे. तुकडा मोकळा करून पुन्हा लॉन."

काका उठले. मला वाटलं, आता सांगतील. त्यांनी पिशवीतून लव्हाळ्याच्या काड्या काढल्या आणि सगळ्यांना एकेक वाटली. "मारा. आमी नाय म्हणत नाय. पण ज्याला मारताय त्याला एकदा हात लावा." मग पार्किंगमध्ये सगळी सभासद मंडळी खुर्च्यांवर बसून चिमटीत काड्या फिरवू लागली. जोशीबाईसुद्धा.

"खरंच की हो, तीन धारा आहेत," कुणीतरी म्हणालं.

"याच्या फुलाला पाकळी नाय, मध नाय," काका म्हणाले. "कुणाला बोलवायची सोयच नाय. वारा आला तर आला." आणि खाली बसले. बायकोचं नाव काढलं नाही.

"तर मग फवारणी," जोशीबाई म्हणाल्या.

तेव्हा मी बोललो. "विष नको. पोरं खेळतात तिथे. खणून काढू. चांगलं दोन हात खोल."

सेक्रेटरीला वाचा फुटल्याच्या धक्क्यातच ठराव पास झाला.

आता स्पष्टच सांगतो. आजवर सगळे त्या खोदकामाला आमचं नशीब म्हणतात. नशीब नव्हतं. खणल्यावर काय होतं ते मला पक्कं ठाऊक होतं.

मजुरांनी कुदळीने तुकडा उलथापालथा केला. निघालेली माती फुकट जाते म्हटल्यावर प्रत्येक घरातून बादली खाली आली. माती तुळशीत गेली, मोगऱ्यात गेली, जोशीबाईंच्या जपानी कुंडीत गेली. मीच तेवढी नेली नाही. माझी हिंमत झाली नाही. महिन्याभरात इमारतीच्या प्रत्येक गॅलरीत लव्हाळा डोलू लागला.

पूर्वी काकांनी बेल वाजवली की दार साखळीपुरतं उघडायचं. आता घराघरांतून निरोप येऊ लागले. "काका, आमच्या कढीपत्त्यात आलंय, बघता का जरा?" काका जातात, चहा घेतात, लव्हाळा वरच्यावर खुडतात, पोरांकडून काडी फिरवून घेतात. निघताना म्हणतात, "परत आलं की बोलवा." ते परत येतंच.

या दिवाळीत पहिल्या आंघोळीच्या पहाटे प्रत्येक दाराला उटण्याची पुडी अडकवलेली होती. माझ्या दारात काका स्वतः उभे होते. अंगात घरचा सदरा, हातात पुडी.

"खणल्यावर वाढतं, हे मी तुला सांगितलेलं ना सेक्रेटरी?"

"हो."

"तरी बोललास."

त्यांनी माझं बोट चिमटीत धरलं. सावकाश फिरवलं, थांबले, उलट फिरवलं. समोरच्या दारातून त्यांच्या रिकाम्या घरातला दिवा दिसत होता.

"काय निघालं?" मी विचारलं.

"गळ्यापर्यंत बंद," ते म्हणाले. मग माझ्या खांद्यावरून गॅलरीकडे पाहिलं. "तुझ्याकडं नाय आलं अजून?"

"मी माती नेली नव्हती."

त्यांनी खिशातून एक काळी, केसाळ गाठ काढली आणि माझ्या तळहातावर ठेवून मूठ मिटली. मुठीतून काकूंच्या घरी यायचा तसा वास आला.

"लाव कुंडीत," काका म्हणाले. "उगवलं की हाक मार. मग येईन मी."