चिंचनाक्यावरचा मेमो

रविवारी सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी वसईतल्या चिंचनाक्यावर काशिनाथ राऊत लाल दिवा पाहून सायकलवरून उतरले आणि थांबले. त्या सिग्नलला थांबलेला हा पहिलाच माणूस. सिग्नल गुरुवारी बसवला होता आणि तेव्हापासून चारही बाजूंनी लालच होता, कारण तो हिरवा करणारा माणूस अजून यायचा होता.

काशिनाथांनी रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये चौतीस वर्षं काढली होती. सिग्नल बिघडून लाल राहिला, तरी लेखी मेमो हातात आल्याशिवाय गाडी पुढे काढायची नाही, हा तिथला शिरस्ता. आज सायकलच्या कॅरिअरला वाडीतला सोनचाफा आणि मोगरा बांधलेला होता. नाक्यापलीकडच्या हॉलमध्ये त्यांची नात इशिता हिचा साखरपुडा होता, दहा चाळीसच्या मुहूर्तावर. तो चुकला तर पुढचा तुळशीच्या लग्नानंतर, आणि नवरा मुलगा यतीन मंगळवारी नऊ महिन्यांसाठी जहाजावर निघालेला.

अर्धा रस्ता पाइपलाइनसाठी खणलेला. उरलेल्या अर्ध्यात काशिनाथ. पाठीमागे रिक्षा, टेम्पो, पाण्याचा टँकर.

"चाचा, निकलो ना!" पहिल्या रिक्षातला शत्रुघ्न ओरडला. "सायकलला कसला सिग्नल?"

"का? सायकलला चाकं नसतात?"

"लायसन नाही, नंबर प्लेट नाही. तुम्हाला कोण पकडणार?"

"पकडायचा प्रश्न नाही. लाल आहे."

"मग ढकलत न्या. म्हणजे तुम्ही पायी झालात."

हा मुद्दा काशिनाथांना पटला. त्यांनी मान वर करून पाहिलं. पायी चालणाऱ्यांचा दिवाही लाल होता.

सव्वानऊला रांग पुलापर्यंत गेली, तेव्हा हवालदार दिनानाथ हातातला चहा टाकून धावत आले. "काका, जा तुम्ही. मी सांगतोय ना!"

"तोंडी नको. लिहून द्या."

"सायकलसाठी?"

"हो. वेळ, सही, हुद्दा. आणि वेग ताशी पंधराच्या वर नको, तेही घाला. तसं असतं."

दिनानाथांनी रिक्षाच्या टपावर कागद ठेवून, काशिनाथ सांगतील तसं लिहिलं. सिग्नल नादुरुस्त, सायकल एक, स्वार एक, फेरी एक. काशिनाथांनी मेमो वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि ताशी पंधराच्या आत नाका ओलांडला. फुलं हॉलवर वेळेत पोचली.

शत्रुघ्नने मात्र मेमोचा फोटो रिक्षावाल्यांच्या ग्रुपवर टाकला होता. साडेनऊला फोटो नालासोपाऱ्यात पोचला, तोवर मेमोचं 'सायकलवाल्यांना लाल दिवा माफ' झालं होतं. पावणेदहाला दिनानाथांना साहेबांचा फोन आला.

"सायकल सोडलीस ना? आता सायकलच सोडायची. बाकी एकही चाक लालमध्ये हललं तर तू आहेस आणि मी आहे!"

दिनानाथांनी नाका बंद केला. दहा मिनिटांनी एक गृहस्थ स्कूटरवर मुलाची तीनचाकी सायकल बांधून आले आणि सलाम ठोकून निघून गेले. नियमात न बसणारं असं त्यात दिनानाथांना काही सापडेना.

दहा वीसला काशिनाथांच्या पत्नी मंदाताई हॉलच्या दारात आल्या. "अहो, मुलाकडची माणसं नाक्यावर अडकलीत. हवालदार म्हणतोय, साहेबांच्या नकळत जा, पण यतीनचे वडील गाडी काढू देत नाहीत."

"का?"

"लाल आहे म्हणे."

काशिनाथ सायकल घेऊन मंदाताईंबरोबर नाक्यावर आले आणि अलीकडे थांबले. पलीकडे, गाडीच्या पुढच्या सीटवर, शांताराम पाटील हाताची घडी घालून बसले होते. बत्तीस वर्षं मोटरमन. मागे यतीन दोनदा दार उघडून उतरला होता. वडिलांनी दोनदा परत बसवला होता.

"शांतारामराव!" काशिनाथांनी हाक मारली. "मुहूर्ताला पंधरा मिनिटं आहेत!"

"मेमो?"

"तो सायकलचाच देतात!"

"मग?"

शेजारी उभ्या मंदाताई कुजबुजल्या, "अहो, सांगा ना त्यांना काहीतरी."

"काय सांगू? माणूस बरोबर बोलतोय."

"मग तुमची सायकल तरी पाठवा. यतीन तिच्यावरून येईल."

"मेमो एका फेरीचा होता, मंदा. ती फेरी झाली."

मंदाताईंनी नवऱ्याकडे पाहिलं, मग पलीकडच्या व्याह्यांकडे पाहिलं. "इशिताला सासर शोधायला आपण एवढे का फिरलो?" त्या म्हणाल्या. "माहेरच आहे ते."

दहा छत्तीसला दिनानाथांचा फोन वाजला. सिग्नल हिरवा करणारा माणूस बोलत होता. तो कामणहून सकाळीच निघाला होता आणि पाऊण तासापासून याच रांगेत, एका टँकरच्या मागे उभा होता.

नाक्यापर्यंत यायला कुणाची सायकल मिळेल का, असं तो विचारत होता.