पुतणीच्या प्रवेशाबाबत झालेल्या पाच सभा

ज्याच्या आयुष्याचा निर्णय घ्यायचा, त्यालाच मध्ये घेतलं की विनाकारण वेळ जातो, हे तत्त्व आता बहुतेक सुसंस्कृत घरांत मान्य झालेलं आहे. आमच्याकडे ते फार पूर्वीपासून पाळतात. (माझं लग्न याच पद्धतीने ठरलं. मोडलंही याच पद्धतीने.)

त्यामुळे पुतणीला एकाच आठवड्यात दोन विद्यापीठांत प्रवेश मिळाल्याचं कळलं, एक इथलं आणि दुसरं आठ तासांवरच्या शहरातलं, तेव्हा दादाने तातडीने समिती नेमली. दादा पाणीपुरवठा कार्यालयात हेडक्लार्क आहे. तिथल्या एका गळक्या नळाचा वॉशर बदलावा की नळ, यावर सात महिने विचारविनिमय चालला होता. शेवटी नळ आपोआप गळायचा थांबला, कारण पाणीच बंद झालं. पण फाइल कशी, अगदी परिपूर्ण. असा अनुभवी अध्यक्ष लाभायला भाग्य लागतं.

सदस्य म्हणून वहिनी, ताई (म्हणजे मुलीची आत्या, मुक्काम हॉलमधला दिवाण) आणि सचिव म्हणून मी (मुलीचा काका, मुक्काम जिन्याखालची खोली). दोन्हीपैकी एक जागा पक्की करायला बारा दिवसांची मुदत होती. बाराव्या दिवशी संध्याकाळी पाच वाजले की दोन्ही जागा जाणार होत्या.

मुलीला विशेष निमंत्रित म्हणून दाराजवळचं स्टूल देण्यात आलं. तिला काहीतरी सांगायचं होतं. दादाने ती विनंती मोठ्या मनाने मान्य करून कार्यक्रमपत्रिकेत शेवटी, 'अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय' या सदरात घातली. हे सदर आलं की दर वेळी चहाची वेळ व्हायची आणि चहा करायला तीच उठायची. ट्रे घेऊन येईपर्यंत सभा बरखास्त झालेली असे.

"काका, माझं कधी येणार?" तिने मला एकदा विचारलं.

"तुझ्या आधी फक्त सहा मुद्दे आहेत," मी धीर दिला.

पहिल्या सभेत निकष ठरले, दुसरीत गुण दिले. इथल्या विद्यापीठाला 'डबा गरम पोहोचण्याची शक्यता' यात दहापैकी दहा मिळाले. 'ओळखीचे प्राध्यापक' यात आठ मिळाले होते. पण त्यांतले एक जण शाळेत दादाच्या पेपरात बघून लिहायचे हे आठवल्यावर दोन कापले. तिकडच्या विद्यापीठाला 'स्वावलंबन' यात नऊ आणि 'आजारी पडल्यास कोण बघणार' यात शून्य. 'ग्रंथालय' हा निकष वेळेअभावी वगळला. बेरीज केली तेव्हा दोघांनाही त्रेसष्ट पडले. यावरून गुणदान किती निःपक्षपाती होतं हे दिसतं.

मग तिसरी सभा प्रत्यक्ष स्थळी, अभ्यासदौऱ्याच्या रूपात घ्यायचं ठरलं. गाडीत चारच जागा असल्यामुळे मुलीला नेता आलं नाही. तिकडे समितीने वसतिगृहाची कसून पाहणी केली. दादाने चौदा नळ मोजले, त्यांतले अकरा चालू निघाले. वहिनीने स्वयंपाकघरात जाऊन डाळ चाखली आणि लगेच पाणी प्यायली. ताई एका पलंगावर पडून बघते म्हणाली ती दोन तासांनी उठली. तिचा अहवाल अनुकूल होता. वर्ग पाहायचे राहिले. ते कुलूपबंद होते आणि किल्ली कुणाकडे आहे हे विचारायचं कुणाला सुचलं नाही.

चौथ्या सभेत सदस्यांनी भूमिका मांडल्या. त्या इतक्या निःस्वार्थ होत्या की त्यांची थोडक्यात नोंद करतो. दादाचं मत इथलं: घरचा प्रिंटर फक्त मुलीचं ऐकतो. वहिनीचं मत इथलं: "जेवताना या घरात तिच्याशिवाय माझ्याशी बोलतं कोण?" ताईचं मत तिकडचं: मुलीने जग पाहायला हवं. (मुलीच्या खोलीला दार आहे, ते आतून लागतं आणि सकाळचं ऊन येतं.) माझंही मत तिकडचंच: पंख फुटलेल्यांना अडवू नये. (त्याच खोलीत खिडकीशी लिहायचं टेबल आहे.)

दोन विरुद्ध दोन.

पाचवी सभा बाराव्या दिवशी दुपारी तीन वाजता भरली. चाराला दहा मिनिटं असताना अध्यक्षांनी आपलं निर्णायक मत आपल्याच मताला दिलं आणि इथल्या विद्यापीठाचा ठराव संमत झाला. दादा चष्मा पुसत समाधानाने म्हणाला, "चला, बाळ. भर फॉर्म."

"भरला," स्टुलावरून आवाज आला.

"कधी?"

"तिसऱ्या सभेला. तुम्ही तिकडे नळ मोजत होतात ना, तेव्हा."

"कुठला?"

"तिकडचा."

दादाने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "अजून तास आहे. बदलता येतो का?"

"येतो," ती म्हणाली. "पण तो मलाच बदलावा लागेल. आणि मी नाही बदलणार, बाबा."

एवढं सरळ वाक्य आमच्या सभांत याआधी कुणी बोललं नव्हतं. ते कुठल्या मुद्द्याखाली घ्यावं हे मला कळेना. मग वहिनी म्हणाली, "जेवताना फोन समोर ठेवशील?"

"रोज ठेवीन."

"मग भावजी, माझं मत बदलून लिहा."

तीन विरुद्ध एक. दादा मुरलेला माणूस. त्याने मान खाली घालून ठराव पुन्हा सांगायला सुरुवात केली: तिकडच्या विद्यापीठातील प्रवेशास ही समिती कार्योत्तर मंजुरी देत आहे. सही करताना त्याचा हात जरासा अडला. पेनातली शाई संपत आली असावी, अशी नोंद मी केली आहे.

निघायच्या दिवशी बसथांब्यावर पूर्ण समिती हजर होती. शेजारच्या शिंपीणकाकू सहज आल्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय शिकायला चालली गं पोरगी?"

"संख्याशास्त्र," दादा म्हणाला.

"छे, ते जंतूंचं असतं ना, ते," वहिनी म्हणाली. ताईने माझ्याकडे बघितलं. मी इतिवृत्ताची वही उघडली. सभा पाच, पानं एकतीस, नळ चौदा. पण मुलीचा विषय कुठेच सापडेना.

मुलगी हसली आणि शिंपीणकाकूंच्या कानाशी वाकून तिने त्यांना काहीतरी सांगितलं. काकूंचा चेहरा उजळला. मग ती चढली आणि बस सुटली.

आमच्या समितीला वाचकांनी खुशाल हसावं. पण आपणही पाचही सभांना आमच्याबरोबर बसला होतात, नळांच्या आकड्यापर्यंत सगळं लक्ष देऊन वाचलंत, आणि शिंपीणकाकू येईपर्यंत आपणही हा प्रश्न विचारला नाहीत. आता विचारत असाल, तर आपली विनंती मोठ्या मनाने मान्य करण्यात येत आहे. ती अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी घेण्यात येईल. तोवर जरा चहाचं बघता का?