चौदा चुलींचं घराणं

कुणाच्याही खानदानाचा छडा लावायचा असेल तर बेलाशक माझ्याकडे या, असं मी परवापरवापर्यंत अमेरिकेत, जॉर्जिया राज्यातल्या आमच्या अख्ख्या अल्फारेटा गावात सांगत हिंडत होतो!

झालं असं, की आमच्या लेकीचं, अनिकाचं लग्न टायलर थॅकर या अमेरिकन मुलाशी ठरलं. मी नागपूरला थोरल्या बहिणीला, अहिल्याताईला, फोन केला.

"ठक्कर? गुजराती का रे?"

"गुजराती नाही गं ताई, मूळचे इंग्लिश!"

"असू देत. पण घराणं कसं आहे?"

हे मी व्याह्यांना विचारलं. वॉल्ट म्हणजे शाळेतला रिटायर्ड फुटबॉल कोच, गोदरेजच्या कपाटाएवढा माणूस. त्यानं खांदे उडवले. "आजोबांच्या मागचं काही ठाऊक नाही, युल-हॅस."

माझं नाव उल्हास. पण व्याह्यांना काय बोलणार!

"वॉल्ट, लग्नापर्यंत तुमचं अख्खं घराणं शोधून देतो. माझ्यातर्फे गिफ्ट!"

माझी बायको रत्ना मराठीत पुटपुटली, "अहो, परवा मॉलच्या पार्किंगमध्ये आपली गाडी सापडत नव्हती तुम्हाला. चारशे वर्षांपूर्वीचा माणूस कुठून सापडणार?"

पण सापडला! इंग्लंडमधली जुनी मृत्युपत्रं ऑनलाइन मिळतात. अक्षर असं, की कोंबडीनं शाईत पाय बुडवून फुगडी घातली असावी. पण हे थॅकर लोक मरताना मुलांची नावं लिहून जायचे, त्यामुळे मुलावरून बाप, बापावरून आजोबा, असा मी मागे सरकत गेलो. एकानं बायकोला पिसांची गादी दिली होती, थोरल्याला पितळी हंडा आणि धाकट्याला 'माझी त्यातल्या त्यात बरी विजार'! सगळ्यात शेवटी हाती लागला थॉमस थॅकर.

त्या काळात तिथल्या राजानं घरातल्या चुलींवर कर बसवला होता. चुली जास्त, तो श्रीमंत. मी कराची यादी उघडली. थॉमस थॅकरच्या नावापुढे आकडा होता चौदा!

"रत्ना! चौदा चुली! अगं, हवेली असणार!"

"चौदा चुली? कोण पुसत होतं सगळ्या?"

मी तडक वॉल्टला फोन केला. "चौदा?" त्यानं दोनदा विचारलं. मग त्याची बायको ब्रेंडा मागून किंचाळली. पुढच्या आठवड्यात त्यांनी घराण्याचं चिन्हच करून घेतलं, चौदा ज्वाळांचं! ते नॅपकिनवर आलं, केकवर आलं, टायलरच्या शेरवानीवर तर जरीत आलं. तिकडे अहिल्याताईनं नागपुरात जाहीर केलं, की आमची अनिका राजघराण्यात पडतेय. डझनभर नातेवाइकांनी तिकिटं काढली!

लग्नाच्या आदल्या आठवड्यात ते करयादीचं पान फ्रेम करावं म्हणून मी मोठं करून पाहिलं. थॉमसच्या वरच्या माणसापुढे तेरा होते. खालच्यापुढे पंधरा. तो अनुक्रमांक होता! वीस वर्षं डेटाबेस सांभाळणारा मी, कॉलम चुकलो होतो! पलीकडच्या कॉलममध्ये लिहिलं होतं: चूल, एक. आणि त्यापुढे बारीक अक्षरात: गरीब, कर माफ.

"अहो, शेरवानीवर काढून झालंय ते!" रत्नानं कपाळाला हात लावला. "आत्ताच्या आत्ता जाऊन सांगा त्यांना."

गेलो. वॉल्ट पोर्चवर बसला होता.

"वॉल्ट, चुली चौदा नाहीत."

"पंधरा?"

"एक."

तो खुर्चीतून उठला.

"आणि तिचाही कर माफ होता. गरिबीमुळे."

आता हा मला उचलून हिरवळीवर फेकणार, अशी माझी खात्री झाली. लग्न मोडलं तर अनिकाला कुठल्या तोंडानं सांगू? इतक्यात वॉल्ट हसायला लागला. पोर्चचं लाकूड करकरेपर्यंत हसला!

"युल-हॅस, माझा बाप ट्रेलरमध्ये वाढला. ती हवेली मला पचतच नव्हती यार!" 'यार' त्याला अनिकानं शिकवलं होतं. "हा थॉमस मात्र माझा माणूस! रिसेप्शनला मी स्वतः सगळ्यांना सांगतो."

"नको!" मी ओरडलो. पण कोच एकदा ठरवतो ते ठरवतो.

रिसेप्शनला आमचे नागपूरकर पुढच्या दोन टेबलांवर भरजरी कपड्यांत बसले होते. अहिल्याताई वॉल्टला 'राजेसाहेब' म्हणत होती. वॉल्टनं माइक घेतला आणि खास जॉर्जियाच्या हेलात, शब्द चावत सुरू केलं, की आम्ही पिढीजात गरीब, सरकारदरबारी नोंद असलेले गरीब, आणि हे आमच्या व्याह्यांनी शोधून काढलं!

"काय म्हणताहेत रे राजेसाहेब?" ताईनं माझी बाही ओढली. "एक अक्षर कळत नाही."

डझनभर माना माझ्याकडे वळल्या. माझ्या तोंडून निघून गेलं, "ते म्हणताहेत, जेवण तयार आहे."

ताईनं ते दोन्ही टेबलांना ऐकवलं. सगळे नागपूरकर एकदम उठून उभे राहिले! पुढचे उठले म्हणून मागचे मराठी मंडळवाले उठले, ते उठले म्हणून ब्रेंडाकडचे उठले. कुणीतरी टाळी वाजवली आणि सगळा हॉल कडकडला!

वॉल्टचे डोळे भरून आले. माइक टाकून त्यानं मला मिठी मारली. "गरिबीला एवढा मान देणारी माणसं मी आयुष्यात पाहिली नाहीत!"

त्याच्या खांद्यावरून मला दिसत होतं. अहिल्याताई प्लेट घेऊन सगळ्यांच्या पुढे पोचली होती आणि एकेक झाकण उघडून बघत होती.

"उल्हास!" ती तिथूनच ओरडली. "अरे, भांडी रिकामी आहेत!"

"काय म्हणतात त्या?" वॉल्टनं डोळे पुसत विचारलं.

"अभिनंदन म्हणतेय," मी म्हणालो आणि केटररला शोधायला पळालो.