शांतिदूत सोसायटीचा नकाराधिकार

युद्ध टाळण्याचा एकमेव सभ्य मार्ग म्हणजे सभा, आणि सभा टाळण्याचा एकमेव मार्ग म्हणजे युद्ध. कर्वेनगरच्या आमच्या शांतिदूत गृहरचना संस्थेने दोन्ही मार्ग एकाच रविवारी वापरून दाखवले.

२००३चा मार्च. टीव्हीवर इराकचं चाललं होतं, आमच्याकडे शेजारच्या मधुमालती सोसायटीचं. त्यांची पाण्याची लाइन आमच्या आवारातून जाते आणि तिचा व्हॉल्व्ह आमच्या पार्किंगमध्ये आहे. (भूगोल असा पक्षपाती असतो.) रोज सकाळी भिंतीपलीकडून घुर्रऽऽ आवाज येई आणि आमचं पाणी कमी येई. म्हणजे मधुमालतीत चोरटा पंप आहे हे उघड होतं. फक्त तो दिसायचा बाकी होता.

व्हॉल्व्ह बंद करायचा तर ठराव हवा. ठरावावर आमच्या पहिल्या पाच सभासदांना नकाराधिकार आहे, कारण इमारतीला जिनासुद्धा नसताना त्यांनी फ्लॅट बुक केले होते. शहाणपणाचा याहून भक्कम पुरावा जगातल्या कुठल्याच संस्थेने मागितलेला नाही.

आधी तपासनीस म्हणून निवृत्त दत्तोबा सोमणांना पाठवलं. आवाज मधुमालतीतल्या गोदाबाईंच्या घरातून येत होता. या मूळच्या परभणीच्या; आयटीतल्या पोरांचे डबे करून घर चालवतात. दत्तोबांनी मोरी, माळा, पलंगाखालची जागा पाहिली, दोन थालीपिठं खाल्ली आणि अहवाल दिला: पीठ दळायची घरघंटी सापडली, पंप सापडला नाही. लोणी ताजं होतं.

"सापडला नाही म्हणजे लपवलाय!" रंगनाथराव म्हणाले. हे पाचांतले पहिले. (मुलगा न्यू जर्सीत, त्यामुळे परराष्ट्र धोरण यांच्याकडेच.)

"अहो, दत्तोबा स्वतः बघून आले ना?" सुनीतीबाई म्हणाल्या.

"थालीपीठ खाल्लेला माणूस तटस्थ नसतो."

मुद्दा बिनतोड होता. तरी सुनीतीबाईंनी तत्त्व म्हणून नकाराधिकार वापरला. (त्यांचा डबा गोदाबाईंकडूनच येतो, तत्त्व रोज गरमागरम मिळतं.) श्यामसुंदररावांनी 'व्हॉल्व्ह बंद करणे'ऐवजी 'व्हॉल्व्हला विश्रांती देणे' असं सुचवलं. चौथ्यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. पाचव्यांनी चहाबरोबर बिस्किटं आणायच्या सूचनेवर वापरला, कारण त्यांचा वापरायचा राहिला होता.

बिस्किटांचा फेरविचार चालू असताना रंगनाथराव खाली गेले, व्हॉल्व्ह बंद करून आले आणि पुन्हा आपल्या खुर्चीवर बसले. निषेधाचा ठराव आला. रंगनाथरावांनी नकाराधिकार वापरला. व्हॉल्व्ह उघडण्याचा ठराव आला. त्यावरही वापरला. सगळं अगदी नियमाप्रमाणे झालं.

तेवढ्यात दारात गोदाबाई, हातात रिकामी कळशी.

"अहो भाऊ, पंप असता तर कळशी घेऊन तुमच्या दारात कशाला आले असते? उद्या डबे गेले नाहीत तर पोरं दुसरी बाई बघतील."

"आपला प्रश्न विषयपत्रिकेवर नाही, गोदाबाई," श्यामसुंदरराव अदबीनं म्हणाले.

पोरांनी दुसरी बाई बघितली. घरघंटी थांबली, भिंतीपलीकडचा आवाजही थांबला. "बघा, पंप होताच!" रंगनाथराव म्हणाले. आमचं पाणी मात्र तितकंच कमी येतं. सुनीतीबाईंचं तत्त्व हल्ली वारज्याहून येतं. जरा कोमट असतं.

सभेचा वृत्तांत जिन्यात लावला आहे. कुणाचा आक्षेप असल्यास पार्किंगमध्ये यावं. व्हॉल्व्ह हातानं फिरतो, त्याला ठराव लागत नाही. आजवर कुणी आलेलं नाही. आपणही इथवर बसूनच वाचलंत. आपली संमती धरली आहे.