पोच नावाचा उद्योग

सदूच्या पत्राला उत्तर द्यायचं राहिलंय, याची आठवण भास्कररावांना दिवसातून दोनदा व्हायची. एकदा पोस्टमन दारावरून गेला की, आणि एकदा तो गेला नाही की.

पत्र दिवाळीनंतर आलं होतं. सदू म्हणजे शाळेत एका बाकावर बसलेला सोबती. बायको गेल्यापासून तो नाटे गावी बंदराजवळच्या घरात एकटाच राहायचा आणि मोबाइल बाळगायचा नाही. 'तो खिशात असला की सगळ्या गावाला आपण सापडतो,' असं त्याचं म्हणणं. त्यानं साध्या पोस्टकार्डावर लिहिलं होतं, 'घर आताशा मोठं वाटतं. आठ दिवस ये. तू पुस्तक वाच, मी जाळं दुरुस्त करीन. बोललंच पाहिजे असं काही नाही. हो की नाही तेवढं कळव, म्हणजे गादीला ऊन दाखवतो.'

पत्र वाचून भास्कररावांचे डोळे भरून आले होते. सबंध आयुष्य त्यांनी वाचनालयात पुस्तकं देण्याघेण्यात घालवलं. बोललं नाही तरी चालेल, असं आमंत्रण त्यांना पहिल्यांदाच मिळत होतं. लगेच उत्तर लिहायला बसले. पहिला खर्डा फार उतावळा वाटला, दुसरा फार कोरडा. तिसरा बरा होता, पण तोवर मनात आलं, आपण गेलो आणि चौथ्या दिवशी सदू कंटाळला तर? मुरवतीखातर बिचारा बोलायचाही नाही. असा आठवडा गेला. मग उशिराबद्दल एक ओळ क्षमा मागणं आलं. महिना गेल्यावर एका ओळीत भागेना. संक्रांत उलटली तेव्हा नुसत्या क्षमायाचनेलाच कार्ड पुरलं नसतं.

त्याच सुमारास रविवारच्या पुरवणीत त्यांनी एक लेख वाचला. निवृत्तीनंतर प्रोग्रामिंग शिकून स्वतःचं स्टार्टअप काढणाऱ्या एका गृहस्थांबद्दल. भास्करराव विचार करू लागले. आपल्यासारखी, उत्तरं अडकून पडलेली माणसं जगात हजारोंनी असणार. त्यांच्या वतीनं सभ्य भाषेत कळवणारं एखादं यंत्र हवं. निरोप आला की यंत्रानं फक्त विचारावं, हो की नाही? आपण एक बटण दाबावं. पुढचं त्यानं बघावं.

एका पोस्टकार्डाचं उत्तर टाळण्यासाठी माणूस किती कष्ट उपसू शकतो, याला सीमा नाही. भास्करराव पायथन शिकू लागले.

"कशासाठी म्हणालात?" वासंतीबाईंनी विचारलं.

"उद्योग काढायचाय. नाव ठरलंय, पोच."

"सदूभावोजींच्या कार्डाची पोच दिलीत का आधी?"

"अगो, त्याच्यासाठीच तर चाललंय सगळं."

मुलानं मागं ठेवलेला जुना लॅपटॉप, व्हिडिओत रेल्वेच्या वेगानं शिकवणारा एक पोरगा आणि वाचनालयातून आणलेलं एक जाड पुस्तक, एवढ्या भांडवलावर धंदा सुरू झाला. प्रोग्रामिंगमध्येही लायब्ररी असते आणि तिथून कोणीही काहीही उचलून नेलं तरी कपाट रिकामं होत नाही, हे कळलं तेव्हा ते घटकाभर गहिवरले. 'जर' आणि 'नाहीतर' यांची जोडीही त्यांना आवडली. जर हो म्हटलं तर हे पाठव, नाहीतर ते पाठव. जगानं असं चालायला हवं होतं, असं त्यांना वाटलं.

होकाराचा मजकूर एका बैठकीत झाला. 'आपला निरोप मिळाला. आठवण ठेवलीत, आनंद झाला. आपल्या म्हणण्याप्रमाणे करण्यास मी तयार आहे. निश्चिंत असावे.' अडलं ते नकारापाशी. 'जमणार नाही' म्हणजे थोबाडीत मारल्यासारखं वाटे. 'प्रकृती बरी नाही' म्हटलं तर लोक शहाळी घेऊन बघायला येतात. 'बाहेरगावी जातोय' म्हणावं, तर शेजारच्या रावजीला गॅलरीतून सगळं दिसतं. भास्कररावांना उभ्या आयुष्यात कुणाला 'नाही' म्हणता आलं नव्हतं. यंत्राच्या तोंडून म्हणवतानाही जीभ अडखळत होती.

उद्घाटन पाडव्याला ठरलं होतं. साडेतीन मुहूर्तांपैकी एक टाळून कोकणात कुणी साधी पानाची टपरी काढत नाही. गुढी उभी राहिली. वासंतीबाई लॅपटॉपला हळदकुंकू लावून, नारळ हातात घेऊन उभ्या. आणि प्रोग्राम चालेना. 'नाहीतर'खाली काहीच लिहिलेलं नाही, अशी त्याची तक्रार.

"अहो, आटपा! नैवेद्य खोळंबलाय."

"एक रकाना रिकामा आहे गो. रिकामा त्याला चालत नाही."

"मग घाला काहीतरी तिथं आत्तापुरतं. नवी बरणीसुद्धा रिकामी ठेवीत नाहीत, चार दाणे घालतात."

भास्कररावांनी हाताशी होता तो होकाराचा मजकूर उचलला आणि 'नाहीतर'खाली चिकटवला. आत्तापुरता. प्रोग्राम सुरळीत चालला, नारळ फुटला आणि पोच नावाचा उद्योग अस्तित्वात आला.

त्यानंतर श्रीखंडपुरी होती. श्रीखंड हे स्मरणशक्तीला चांगलं नाही.

जेवण झाल्यावर भास्करराव मोठ्या उमेदीनं पडून राहिलेले निरोप निकालात काढायला बसले. तीनच होते, पण तिन्ही छातीवर बसलेले. पहिला रावजीचा: 'गडी लग्नाला चाललेत. रविवारी माझ्या बागेत माकडं हाकलायला येशील काय?' दुसरा वासंतीबाईंच्या धाकट्या बहिणीचा, लोटे गावी राहणाऱ्या भार्गवीचा: 'ह्यांची रात्रपाळी, दिवसा घरात झोपलेले असतात. विनीतला परीक्षेच्या अभ्यासाला दोन महिने तुमच्याकडे पाठवू का?' यावर वासंतीबाईंनी आधीच बजावलं होतं, "मी सख्खी बहीण, मला 'नाही' म्हणवणार नाही. मागच्या खेपेस त्याच्या त्या ढोलानं शेजारची म्हैस आटली. तुम्ही कळवा." तिसरा निरोप नमनमंडळाच्या केरूचा. भास्करराव दरवर्षी त्याच्या वगाचं शुद्धलेखन तपासून देत. केरूनं लिहिलं होतं: 'आमची गौळणीतली मावशी करणारा गणपत मुंबईला ड्यूटीवर अडकलाय. रविवारी रात्री खेळ आहे. तुम्हाला संवाद पाठ आहेत. तुम्ही उभे राहाल काय? लुगडं आमचं.'

तिन्ही वेळा यंत्रानं विचारलं, हो की नाही? तिन्ही वेळा भास्कररावांनी 'नाही' दाबलं. तिसऱ्यांदा तर जरा जोरातच. एवढी माणसं एका बैठकीत झिडकारण्याचं शौर्य त्यांच्या हातून कधी घडलं नव्हतं. लॅपटॉप मिटून ते तृप्तपणे आडवे झाले.

चारच्या सुमारास दोन घरांमधल्या दगडी गडग्यावरून हाक आली.

"भास्कर! ए भास्कर! वाचलो रे बाबा तुझ्यामुळं!"

"काय झालं?"

"काय झालं काय? रविवारी येतोस ना! गड्यांना सांगून टाकलं मी, जा खुशाल लग्नाला. गलोल देतो तुला नवीन."

भास्करराव आत आले. आपली भाषा जरा जास्तच मऊ पडली असावी, रावजीला नकार उमगला नसावा, असं त्यांना वाटलं. स्वतःचं लिहिणं कुणाला कळत नाही, याबद्दल त्यांची तशीही खात्री होती. त्यांनी लॅपटॉप उघडला. रावजी, भार्गवी आणि केरू या तिघांचे आभाराचे निरोप आले होते. यंत्रानं इमानानं विचारलं, हो की नाही? भास्कररावांनी पुन्हा तीनदा 'नाही' दाबलं.

"अरे, किती वेळा सांगशील?" गडग्यापलीकडून रावजी ओरडला. "झालो निश्चिंत!"

 तेवढ्यात वासंतीबाई हातात फोन घेऊन माजघरातून आल्या. चेहरा पाडव्याचा नव्हता.

"भार्गवी रडतेय फोनवर. आनंदानं. म्हणते, भावोजींसारखा देवमाणूस नाही, एकदा विचारलं तर दोनदा हो म्हणाले. विनीतची बॅग भरून झाली. ढोल कशात गुंडाळू, विचारत्येय!"

"अगो, मी 'नाही' दाबलं. देवाशपथ."

"मग तुमच्या यंत्राला ऐकू येत नाही का?"

भास्कररावांनी प्रोग्राम उघडला. 'नाहीतर'खाली पाहिलं. 'निश्चिंत असावे' तिथं निश्चिंत बसलेलं होतं.

"तूच म्हणालीस, काहीतरी घाला," ते क्षीण आवाजात म्हणाले.

"मी दाणे म्हणाले होते!"

त्याच वेळी फोन वाजला. केरूनं एक चित्र पाठवलं होतं. नाक्यावर लागलेला फ्लेक्स. वाचनालयाच्या निरोपसमारंभातला भास्कररावांचा हार घातलेला फोटो, आणि खाली ठसठशीत अक्षरांत: 'खास आकर्षण! मावशीच्या भूमिकेत प्रथमच भास्करराव!'

वासंतीबाई बराच वेळ ते चित्र बघत राहिल्या. मग पदर तोंडाला लावून खांबाला टेकल्या.

"हसतेस काय? माझी अब्रू चाललीय."

"लुगडं कुठल्या रंगाचं, ते तरी विचारा हो!"

"यंत्रातून सगळ्यांना एक खुलासा पाठवतो. सविस्तर," भास्करराव म्हणाले आणि लॅपटॉपकडे वळले. वासंतीबाईंनी तो मिटला आणि वर श्रीखंडाचं पातेलं ठेवलं.

"आता तोंडानं. देवानं दिलंय ते. आधी रावजी, मग माझी बहीण, मग केरू. जा."

रावजीचं घर हाकेच्या अंतरावर, पण भास्कररावांना तेवढं चालताना घाम फुटला. रावजी पायरीवर बसून गलोलीला नवं रबर बांधत होता.

"रावजी," भास्करराव म्हणाले, आणि मग डोळे मिटून, "मला रविवारी जमणार नाही."

काही कोसळलं नाही. रावजीनं गलोल बाजूला ठेवली आणि मोठा श्वास सोडला.

"सुटलो! खरं सांगू? तुझं उत्तर आल्यापासून हाच विचार. तू माकडाला 'कृपया खाली उतरा' म्हणणार, तोवर झाड रिकामं. मेव्हणा यायला तयार आहे, पण तुला नको कसं म्हणू? एवढा दोनदा हो म्हणालेला."

"मग विचारलंस तरी कशाला?"

"शेजारधर्म रे. तू उत्तर देत नाहीस, हे काय मला ठाऊक नाही? तुझं उत्तर नाही म्हणजे नाही. इतकी वर्षं कधी अडलं होतं?"

भास्करराव पायरीवर त्याच्याशेजारी टेकले. मग तिथूनच त्यांनी भार्गवीला फोन लावला. रावजीपाशी वापरलेलं वाक्य अजून गरम होतं, तेच पुन्हा उच्चारलं. पलीकडून दबकी कुजबुज आली.

"भावोजी, रागावू नका हां, पण बरं झालं. विनीत दुपारपासून जेवला नाही. म्हणतो, तिकडे काका दिवसभर गप्प बसतात, मला भीती वाटते. त्याची सोय कॉलनीतल्या अभ्यासिकेत होतेय. तुम्हाला कसं सांगू, हेच कळत नव्हतं. ताईला नका सांगू."

केरूकडे ते रिक्षानं गेले. नाक्यावरून जाताना फ्लेक्सकडे पाहू नये म्हणून त्यांनी मान फिरवली, तर तिकडेही दुसरा होता. तालमीच्या मांडवात केरू डोकं धरून बसला होता. त्यांना बघताच उठला आणि हात जोडले.

"भास्करराव, तुमी यायच्या आधी मीच येनार होतो. माफ करा. तुमचा फ्लेक्स मंडळाच्या ग्रुपवर गेला आनि गणपतनं मुंबैत बघितला. बारा वर्सं माजी मावशी, आनि आता म्हातारा माझ्या लुगड्यात, म्हनून नुसता पेटला. साहेबाशी भांडून रजा काढली त्यानं. रविवारी येतोय. आता तुमाला कुठल्या तोंडानं सांगू?"

"नको सांगूस," भास्करराव म्हणाले. "मला जमणारच नव्हतं."

"नाय, मनापासून?"

"मनापासून."

केरूनं त्यांना घट्ट मिठी मारली. "तुमच्या नावावर वरून पट्टी चिकटवतो. फोटो र्‍हाऊ दे काय? चांगला आलाय."

परतताना रिक्षात भास्कररावांना इतकं हलकं वाटत होतं की खड्ड्यांतून ते जरा जास्तच उडत होते. तीन नकार झाले, तिघांनी सुस्कारा सोडला. आयुष्यभर ज्या उत्तरांच्या ओझ्यानं ते वाकले होते, त्यांची कुणी वाटच बघत नव्हतं. लोक विचारायचे, त्यांचं मौन ऐकायचे आणि दुसरी सोय करून मोकळे व्हायचे. थोडं वाईट वाटायला हवं होतं. मारुती मंदिराच्या चौकापर्यंत त्यांनी वाईट वाटून घेण्याचा प्रयत्न केला, पण जमला नाही.

मग सदू आठवला.

सदूनं शेजारधर्म म्हणून लिहिलं नव्हतं. त्याच्याकडे दुसरा मेव्हणा नव्हता, अभ्यासिका नव्हती, रजा काढून येणारा गणपत नव्हता. एक गादी होती, आणि तिला ऊन दाखवावं की नाही, ते त्याला पाडव्यापर्यंत कळलेलं नव्हतं.

घरी येऊन त्यांनी कपाटातला जाडा शब्दकोश काढला. त्यात खूण म्हणून घातलेलं एक कोरं पोस्टकार्ड होतं. वासंतीबाई लॅपटॉपवरचं पातेलं उचलू लागल्या.

"राहू दे ते," भास्करराव म्हणाले. "उद्योग बंद केला."

"एका दिवसात?"

"मुहूर्त चांगला होता. लवकर आटपलं."

त्यांनी कार्डावर पत्ता घातला आणि उलट बाजूला लिहिलं, 'हो. शनिवारी सकाळच्या गाडीनं येतो. भास्कर.' क्षमेला जागा बरीच होती, पण मजकूर संपला होता. वाचून पाहिलं. जरा उतावळं वाटलं. कोरडंही वाटलं. दुसरं कार्ड शोधावं का, अशा विचारानं त्यांनी शब्दकोशाकडे हात नेला, तेव्हा वासंतीबाईंनी चपला त्यांच्या पुढ्यात सरकवल्या.

कोपऱ्यावरच्या लाल पेटीशी ते कार्डाचं एक टोक धरून जरा वेळ उभे राहिले. मग सोडलं. आत बारीकसा टप असा आवाज झाला. लगेच त्यांनी सवयीनं फटीतून आत डोकावून पाहिलं, हात घालून बघितला. बोटं पोचत नव्हती.

"पोचत नाही," ते स्वतःशीच म्हणाले, आणि सुटल्यासारखे घराकडे बॅग भरायला निघाले.