चमचाभर जवसाचं तेल

"अ‍ॅसिड? माझ्या सुनेला अ‍ॅसिड प्यायला सांगितलं डॉक्टरीणबाईंनी?" खादिचाबाईंच्या हातातलं पातेलं हातातच राहिलं.

"अ‍ॅसिड नाही गं ओयी, फॅटी अ‍ॅसिड, म्हणजे मेदाम्लं!" तोलिबने आईला समजावलं. "माशात असतात, जवसाच्या तेलात असतात. मेंदूच्या पेशींना लागतात, आणि आपल्या शरीराला ती बनवता येत नाहीत."

सून नझोकत खिडकीशी बसून ढग बघत होती. समरकंदच्या हवामान केंद्रात तिची नोकरीच ती: ढग किती, कुठल्या जातीचे, निघाले कुठे. शरद ऋतूत ती तीन आठवडे जवळजवळ झोपलीच नव्हती आणि तेवढ्यात तिने अख्खं घर निळं रंगवून काढलं होतं. मग हिवाळाभर त्याच निळ्या भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. डॉक्टरीणबाईंनी त्याला बायपोलर असं नाव दिलं आणि गोळ्या सुरू केल्या. आता जर्दाळू फुलला होता, आणि पाण्याखालून वर यावं तसे माणसांचे आवाज हळूहळू तिच्यापर्यंत पोचू लागले होते.

"गोळ्या सोडायच्या नाहीत, हे त्या तीनदा म्हणाल्या," ती खिडकीतूनच म्हणाली. "तेल आणि मासे नुसते जोडीला. काहींना उदास दिवसांत थोडा उपयोग होतो म्हणे, काहींना नाही. समुद्रातला मासा चांगला."

"समुद्र! दोन देश ओलांडल्याशिवाय दिसतो का आपल्याला समुद्र?" खादिचाबाईंनी तेलाची बाटली काढली. "आपलं जवसच बरं. पण गल्लीत एक अक्षर फुटता कामा नये. त्या समोरच्या सानोबारला तर मुळीच नाही."

दुसऱ्या दिवसापासून नझोकतला रोज सकाळी चमचाभर तेल मिळू लागलं. त्याला नुकत्याच रंगवलेल्या दारासारखा वास यायचा. ते गिळलं की तिला मळमळे. मग ती पोटावर हात ठेवून जर्दाळूखाली उभी राही आणि एखादा ढग छपराआड जाईपर्यंत त्याच्याकडे बघत बसे. तोलिब तिला बादली उचलू देईना. दर गुरुवारी तो बाजारातून बर्फातला मासा आणी, तोही कोटाखाली लपवून, पण शेपूट सगळ्या गल्लीला दिसे.

सानोबारने तिसऱ्या गुरुवारी खादिचाबाईंना गाठलंच.

"मासे फार चाललेत हल्ली?"

खादिचाबाई गडबडल्या. "सुनेच्या अंगाला हवेत ते, आता."

तो 'आता' सानोबारने उचलला, आणि संध्याकाळच्या नानच्या भट्ट्या पेटायच्या आत तो गल्लीच्या टोकाला पोचला. बेचाळिसाव्या वर्षी! मळमळ, मासे, बादली, सगळं जुळत होतं. नझोकतच्या दारात अक्रोड येऊ लागले, मग सुके मनुके, मग लोकरीचे मोजे. लोक किती चांगले असतात, असं वाटून तिचे डोळे भरून आले.

न्हाव्याने तर तोलिबला मिठीच मारली. "शाब्बास रे मर्दा! या वयात!"

आपण बायकोची काळजी घेतो ते लोकांना दिसतंय, असं वाटून तोलिब संकोचला. "त्यात काय एवढं? डॉक्टरीणबाई म्हणाल्यात, जन्मभर चालू ठेवायचं."

न्हाव्याच्या हातातला वस्तरा खाली पडला.

शनिवारी सात बाया अंगणात शिरल्या. पुढे सानोबार, आणि तिच्या डोक्यावर रंगीत लाकडी पाळणा. खादिचाबाई पांढऱ्याफटक पडल्या. चहाच्या निमित्ताने त्यांनी सुनेला आत ओढलं.

"हो म्हणून टाक," त्या कुजबुजल्या. "पुढचं नऊ महिन्यांनी बघू."

नझोकतने बाहेर येऊन चहाचे पेले वाटले. पाळण्यावर कुणीतरी नवी खोळ शिवून घातली होती, पिवळी, टाके अगदी बारीक. एवढ्या बारीक टाक्यांशी तिला खोटं बोलवेना. ती ओट्यावर बसली.

"मला दिवस नाही गेलेले," ती म्हणाली. "मला बायपोलर आहे. मन कधी उधाणतं, कधी तळाला जातं. मी गोळ्या घेते. तेल आणि मासे त्याच्याच जोडीला आहेत."

पेले भराभर खाली ठेवले गेले. एकीला चुलीवरचं दूध आठवलं, दुसरीला नातवाची शाळा आठवली, शनिवार संध्याकाळ असूनसुद्धा. मोजे देणारी बाई मात्र जाता जाता तिच्या खांद्यावर हात ठेवून गेली. बघता बघता अंगण रिकामं झालं. नझोकतला हलकं वाटत होतं, थोडी भीतीही वाटत होती.

एकटी सानोबार जागची हलली नाही. ती उगाच पेले गोळा करत राहिली.

"तेल किती चमचे?" तिने मान वर न करता विचारलं.

"एक, सानोबार आपा. का हो?"

"ती डॉक्टरीण... रागावते का गं?" सानोबारने पेल्यात पेला घातला. "हिवाळ्यात चार चार दिवस मला उठवत नाही. सगळ्यांना सांगते, कंबर धरलीय. वीस वर्षं झाली कंबर धरून."

नझोकतने तिच्या हातातले पेले काढून घेतले. "नाही रागावत. गुरुवारी मी जाणारच आहे. चला माझ्याबरोबर."

खादिचाबाई दाराआडून सगळं ऐकत होत्या. त्या पुढे आल्या, सानोबारला जवळ बसवलं, तिच्या पुढ्यात गरम चहा ठेवला आणि बराच वेळ तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग त्यांचा चेहरा चिंतेने आकसला.

"पण दोघी मिळून दवाखान्यात जाताना गल्ली बघणार," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या. "कुणी विचारलंच तर मी सांगेन, सानोबारलाही दिवस गेलेत."

सानोबार साठीची होती. ती आधी थक्क होऊन बघत राहिली, आणि मग इतकी हसली की तिला खरोखरच कंबर धरावी लागली.